शकुनाचा खर्च कोणाच्या खाती?

दुकानावरील पाटी कोणत्या लिपीत असावी, यावरून बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात १९५६ सालापासून रान पेटत आले आहे. परंतु त्याच पाटीखाली लोंबणाऱ्या लिंबू-मिरचीला आजवर कोणी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही! मराठी दुकानदार जिला भवानी म्हणतो, तिलाच त्याचा कानडी शेजारी बोणी म्हणतो; आणि सकाळचे पहिले गिऱ्हाईक काही न घेता परतले, तर दोघांचेही चेहरे सारखेच उतरतात. दृष्ट दोघांनाही लागते आणि दोघांच्याही घरी ती काढली जाते. अंगावर पाल पडली की एक मराठी पंचांग उघडतो, दुसरा कानडी. भीती मात्र एकच असते. राज्यांच्या सीमा माणसांनी आखल्या. दैवाच्या भीतीने त्या मानल्या नाहीत.

ही भीती येते कोठून? केवळ अज्ञानातून, असे उत्तर देणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. निपाणी भागातील तंबाखूचा शेतकरी पाहा. भांगलण कशी करावी, शेंडा केव्हा खुडावा, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. तेथे तो शकुन विचारीत नाही. मात्र वाळत घातलेल्या मालावर अवेळी पाऊस येईल काय आणि व्यापारी काय दर देईल, हे त्याच्या हाती नसते. तेथे मन आधार शोधू लागते. मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर हेच पाहिले. शांत खाडीत मासेमारी करताना तेथील कोळी मंत्रतंत्र करीत नसत. खवळत्या समुद्रात नाव लोटताना मात्र सारे विधी यथासांग होत. जेथे भरवसा संपतो, तेथून शकुन सुरू होतो.

एकदा सुरू झालेला शकुन टिकतो कसा, याचे उत्तर एका पिंजऱ्यात सापडते. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिंजऱ्यातील कबुतरांना तो ठराविक अंतराने दाणे देई. कबुतर काय करते याच्याशी त्या दाण्यांचा काडीमात्र संबंध नसे. तरीही दाणे पडतेवेळी जे कबुतर गिरकी घेत होते, ते पुन्हा पुन्हा गिरक्या घेऊ लागले. दुसरे मान हलवीत राहिले. आपल्या गिरकीनेच दाणे पडतात, असे जणू त्याला वाटू लागले! आपल्यातील कित्येकांची परीक्षेची ठरलेली पेनेही याच जातीची आहेत.

अशा पेनाने कोणाचे काय बिघडते, असे आपण विचाराल. काहीच नाही. फलंदाजाने डाव्या पायाचे पॅड आधी बांधावे, प्रवाशाने मांजर आडवे गेले म्हणून चार पावले मागे यावे. तोटा झालाच तर त्याच्या चार पावलांचा. पण काही शकुन असे असतात, की ते पाळणारा एक आणि त्यांची किंमत मोजणारा दुसरा. शुभकार्याला निघताना विधवा समोर आली म्हणून पाऊल मागे घेणाऱ्याचे फार तर दोन क्षण जातात; त्या स्त्रीचे मात्र सारे आयुष्य मागे ढकलले जाते. केसांची निगा न राहिल्याने गुंता होतो, त्यात मळ साचतो आणि जट बनते. परंतु सौंदत्तीच्या यल्लम्माचे बोलावणे आले, असे मानून कित्येक मुली देवीला सोडल्या गेल्या. भक्ती घराण्याची, धास्ती गावाची. आणि देवदासीपण वाट्याला आले ते त्या अजाण मुलीच्या. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता तेव्हा १९३४ साली आणि पुढे कर्नाटकात १९८२ साली या प्रथेविरुद्ध कायदे करावे लागले.

कायदा वाट दाखवितो. चालावे लागते ते गावाला. सीमेलगतच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला, की पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद कराव्यात. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने इतर गावांपुढेही हा कित्ता ठेवला. निपाणीच्या शेतकऱ्यांनीही १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले, तेव्हा तंबाखूच्या दराचा प्रश्न त्यांनी दैवाच्या वहीतून काढून माणसांच्या वहीत मांडला होता.

बेळगाव शहरातील एक उदाहरण तर सर्वांस ठाऊक आहे. सतीश जारकीहोळी यांनी मंत्रिपदावर असताना, २०१४ साली डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, सदाशिवनगरच्या स्मशानात रात्र काढली. पुढे २०१८ आणि २०२३ साली ते निवडणुकीत विजयी झाले. मात्र येथे एक सावधगिरी हवी. स्मशानात राहिले म्हणून जिंकले, असे जर आपण म्हणू लागलो, तर ती कबुतराचीच गिरकी झाली! त्या रात्रीने एवढेच दाखविले, की स्मशानातही रात्र उलटून नेहमीप्रमाणे सकाळ होते.

तेव्हा, श्रोतेहो, प्रत्येक शकुनाशी भांडत बसण्याचे कारण नाही. अनिश्चिततेने गांजलेल्या माणसाला लहानसा दिलासा हवा असतो. त्याची थट्टा करण्यात शहाणपण नाही. फक्त एक प्रश्न विचारावा : या शकुनाचा खर्च कोणाच्या खाती पडतो? तो आपल्याच खाती पडत असेल, तर खुशाल पाळावा. दुसऱ्याच्या खाती पडत असेल, तर तो त्याच दिवशी सोडावा. येत्या संक्रांतीस आपल्या घरी हळदीकुंकू असेल, तेव्हा शेजारच्या ज्या घराचे आमंत्रण आजवर वगळले जात होते, तेथे आधी जावे. त्या दारातील माउली हसतमुखाने सामोरी आली, तर त्याहून चांगला शकुन कोणत्या पंचांगात सापडणार आहे?