हात देणं, हात आवरणं

पेंग्विन म्हटलं की डोळ्यांसमोर बर्फ येतो. मुंबईकरांना भायखळ्याची राणीची बागही आठवेल. २०१६ साली तिथे आलेले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, मूळ दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे. त्यांचं एक भावंड आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला उन्हातान्हात राहतं आणि चक्क गाढवासारखं ओरडतं. या आफ्रिकन पेंग्विनविषयी आज बोलायचं आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे पक्षी दहा लाखांहून अधिक होते. माणसानं आधी त्यांचं घर नेलं. वर्षानुवर्षं साचलेल्या विष्ठेच्या थरात, म्हणजे ग्वानोत, बीळ करून हा पक्षी अंडी घालायचा. ग्वानो हे उत्तम खत. ते खरवडून नेलं आणि घरटी उन्हात उघडी पडली. अंडीही खाण्यासाठी वेचून नेली जात. ते १९६०च्या दशकात थांबलं.

रॉबेन बेट आपल्याला नेल्सन मंडेलांच्या तुरुंगवासामुळे ठाऊक आहे. १८००च्या सुमारास तिथले पेंग्विन संपले होते. १९८२ साली मंडेलांना त्या बेटावरून हलवलं आणि पुढच्याच वर्षी पेंग्विन तिथे परतले. २३ जून २००० रोजी याच परिसरात ‘ट्रेझर’ नावाचं मालवाहू जहाज बुडालं. त्याचं तेल समुद्रावर पसरलं आणि सुमारे १९,००० पेंग्विन त्यात माखले.

तेलानं पिसं चिकटली की थंड पाणी थेट अंगाला भिडतं. पक्षी चोचीनं पिसं साफ करू पाहतो आणि तेल पोटात जातं. ‘सॅनकॉब’ ही १९६८पासून समुद्रपक्ष्यांची शुश्रूषा करणारी संस्था. तिच्या हाकेला हजारो स्वयंसेवक धावून आले. एकेक पक्षी धुतला, हातानं मासे भरवले, आणि बहुतेक सगळे पुन्हा समुद्रात सोडले. तेल न लागलेल्या आणखी सुमारे १९,५०० पक्ष्यांना उचलून शेकडो किलोमीटर दूर, तेव्हाच्या पोर्ट एलिझाबेथजवळ सोडलं. ते पोहत घरी परतेपर्यंत इकडचं पाणी साफ करून घेतलं!

एवढं करूनही ऑक्टोबर २०२४मध्ये हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. प्रजनन करणाऱ्या दहा हजार जोड्याही उरल्या नाहीत.

का? कारण भूक. तारली आणि मांदेलीच्या जातकुळीतले छोटे मासे हे त्याचं अन्न. समुद्र बदलतो आहे, मासे जागा बदलत आहेत, आणि उरलेल्यांवर मोठ्या जाळ्यांचा डोळा आहे. वर्षातून एकदा हा पक्षी सगळी पिसं टाकतो. नवी येईपर्यंत जवळजवळ तीन आठवडे त्याला पाण्यात उतरता येत नाही. किनाऱ्यावर कडकडीत उपास. त्याआधी पोटभर खायला मिळालं नाही, तर तो उपास शेवटचा ठरतो.

आजही मागे राहिलेली पिल्लं हातावर वाढवली जातात, घरट्यांसाठी कृत्रिम खोपी ठेवल्या जातात. पण वाढवलेलं पिल्लू अखेर त्याच रिकाम्या समुद्रात जातं. म्हणून पक्षीप्रेमी संस्था न्यायालयात गेल्या. मार्च २०२५मध्ये तडजोड होऊन न्यायालयाचा आदेश निघाला. त्यानुसार सहा वसाहतींभोवतीच्या ठरलेल्या पट्ट्यांत या माशांची व्यापारी मासेमारी २०३३पर्यंत बंद आहे. मासळीवर पोट असणाऱ्यांचा प्रश्न तिथेही आहे, आपल्या कोकणात असतो तसाच. म्हणून तर सगळा समुद्र नव्हे, एवढेच पट्टे सोडले आहेत.

आमच्या घरांत ‘अमानत’ हा शब्द आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्यापाशी असते. ती सांभाळायची, वापरायची नाही. घरट्याजवळचे ते मासे मला पेंग्विनची अमानत वाटतात. संकटात हात देणारी माणसं जगात पुष्कळ आहेत; २०००च्या जूनमध्ये ती दिसली. आता कसोटी आहे ती हात आवरण्याची. त्या कामाचे फोटो निघत नाहीत, पण पेंग्विन जगला तर त्यानंच जगेल.