रंग कोणाचा?



‘रंगभूमी’ म्हटली की डोळ्यांपुढे पडदा येतो, रंगविलेले चेहरे येतात. आणि चेहरे रंगवितात म्हणून ती रंगभूमी, असे पुष्कळांना वाटते. आम्हांस ते पटत नाही. आदिपर्वात द्रोणाचार्य शिष्यांचे शस्त्रकौशल्य दाखवितात ते ठिकाण रंगच आहे. भूमी मोजून, पाहणारांसाठी प्रेक्षागार बांधून ते सिद्ध केले होते. कर्णाने अर्जुनाला आव्हान दिले ते तेथेच. भागवतात चाणूर-मुष्टिकांच्या कुस्तीसाठी कंसाने सजविला तोही रंग. कुवलयापीड हत्ती त्याच्याच दाराशी उभा होता. भरताच्या नाट्यशास्त्रातले रंगपीठ आणि रंगशीर्ष मात्र नटाचे. म्हणजे मल्ल आणि नट यांचे घर एकच! जेथे लोक पाहावयास जमतात आणि त्यांचे मन रंजते, तो रंग. धातू ‘रंज्’, वस्त्र रंगणे आणि मन रमणे, दोन्ही त्याच्या पोटात आहेत.

मराठीत पहिलवान वेगळा निघाला आणि आखाड्यात गेला. हा शब्द संस्कृत ‘अक्षवाट’ यावरून आला. परंतु गंमत अशी की, आपल्या क्रियापदाला या वाटणीचा पत्ताच नाही. नाटक रंगते, तशीच कुस्तीही रंगते. फड तमाशाचा असतो, तसा कुस्त्यांचाही असतो.

आपल्या भंडाऱ्याकडे तर ही वाटणी पुरती झालीच नाही. दिवसा शंकरपट आणि रात्री त्याच गावी झाडीपट्टीचे नाटक. पटाला आलेला पाहुणा मुक्काम करतो, जेवतो आणि नाटकाला जाऊन बसतो. म्हणूनच मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, तेव्हा प्रश्न केवळ बैलजोडीवाल्यांचा नव्हता. दिवसाची गर्दी पांगली तर रात्री बसायचे कोणी?

बैलाला आर टोचून पळविणे आम्हांस मुळीच मान्य नाही. न्यायालयाला जे खटकले, ते खटकण्यासारखेच होते. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर शर्यतींना मोकळीक मिळाली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला. त्या अटी कागदावर आहेत. पट भरतो तेव्हा धुरकऱ्याच्या हाती काय आहे, हे मात्र काठावर उभे राहून आपणच पाहावयाचे आहे. रात्री नाटकाला बसणारे प्रेक्षकही आपणच ना?