पोलिसांविरुद्धची तक्रार कुठे करायची?

पोलीस तक्रार प्राधिकरण ही पोलिसांच्या गंभीर गैरवर्तनाची चौकशी करणारी, पोलीस दलाच्या उतरंडीबाहेरची यंत्रणा आहे. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या 1996 च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी सात निर्देश दिले. हे प्राधिकरण त्यांपैकीच एक. महाराष्ट्राने त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली 2014 मध्ये, म्हणजे तशी सावकाशच.

कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणे अशा तक्रारी प्राधिकरणाकडे करता येतात. प्राधिकरणे विभागवारही असल्याने आपला विभाग आधी पाहावा: अहिल्यानगर जिल्ह्यातले कर्जत नाशिक विभागात येते. रायगडचे कर्जत कोकण विभागात. पोलीस ठाण्यात फिर्यादच नोंदवून घेतली नाही, तर मात्र आधी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार टपालाने पाठवता येते. त्या अर्जाची प्रत आणि टपालाची पावती जपून ठेवावी. ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रणाचे जतन करण्याचा आदेशही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये दिला आहे. ते कायमचे राहत नाही, म्हणून मागणी वेळेत करावी.

पोलिसांवरील दबावाची खरी मेख मात्र बदल्यांत आहे. ठाण्यातील निरीक्षकाला साधारण दोन वर्षांची मुदत कायद्याने दिली आहे. एखाद्या पुढाऱ्याची मर्जी खप्पा झाली म्हणून त्याला हलवता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. तो पुढारी सत्तेतला की विरोधातला, याने फरक पडत नाही. परंतु ‘प्रशासकीय निकड’ दाखवून मुदतीआधी बदली करण्याची वाट त्याच कायद्यात मोकळी आहे.