पडणाऱ्याला दिलेलें मत फुकट जातें काय?

(एका खेडेगांवच्या सार्वजनिक वाचनालयांत प्राथमिक शाळेच्या गुरुजींनीं दिलेलें व्याख्यान)



मी कांहीं विद्वान नव्हे. मराठी शाळेंत शिकलों, मराठींतूनच ट्रेनिंग कॉलेज केलें आणि गेलीं वीस-बावीस वर्षें खेड्यांतल्या पोरांना बाराखडी व पाढे शिकवीत आहें. तेव्हां अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीवर बोलण्याचा ह्या मास्तराला अधिकार काय, असें कोणास वाटेल. अधिकार एवढाच कीं मी सरकारी नोकर आहें. आपल्या तालुक्यांतल्या निवडणुकीविषयीं मीं मत दिलें तर उद्यां नोटीस येईल. अमेरिकेविषयीं बोललों तर मला कोणी विचारणार नाहीं. (हंशा)

विषय मला माझ्या वर्गानें दिला. आमच्या शाळेंत दरवर्षीं मुलांचें मंत्रिमंडळ निवडतात. यंदां सातवींतली एक मुलगी मुख्यमंत्रिपदासाठीं उभी राहिली. समोरचा मुलगा सर्वांचा लाडका. तो येणार हें पहिल्या दिवसापासून ठरल्यासारखेंच होतें. मुलीला नऊ मतें पडलीं. त्या दिवशीं एका पोरानें मला विचारलें, "गुरुजी, पडणारच होती तर ती उभी कशाला राहिली? आणि त्या नऊ जणांनीं मतें फुकट कां घालविलीं?"

मला लगेच उत्तर सुचलें नाहीं. कारण हें बोलणें त्या पोराचें नव्हतें, तुमचें-आमचें होतें. निवडणुकीचें काम मास्तराला चुकत नाहीं. मतदानकेंद्रावर मीं कितीदां ऐकलें आहे; म्हातारा माणूस बोटाला शाई लावून घेतां घेतां हळूच विचारतो, "मास्तर, कोण येतंय? आपलं मत वायां जायला नको." जणूं मत म्हणजे जुगाराच्या पटावर लावलेला पैसा, ज्याचा डाव लागेल त्याच्यावर लावावा!

ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां मला अमेरिकेंतली एक शाळामास्तरीण सांपडली. तिचें नांव शर्ली चिझम. आपण शाळेंत म्हणतों तसें मी त्यांना चिझमबाईच म्हणेन.

चिझमबाईंचा जन्म १९२४ सालीं न्यू यॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत झाला. बाप गियानाचा, पोत्यांच्या कारखान्यांत मजुरी करणारा. आई बार्बाडोस बेटावरची, शिवणकाम व लोकांच्या घरचें काम करणारी. दोघेही काळ्या वर्णाचे, पोटासाठीं परदेशीं आलेले. मिळकतींत पोरींचें भागेना म्हणून त्यांना लहानपणीं बार्बाडोसला आजीकडे धाडलें. तेथल्या खेड्यांतल्या शाळेंत, कडक शिस्तींत चिझमबाई लिहावयास-वाचावयास शिकल्या. आणि पुढें आपल्याला लिहितां-बोलतां येतें तें त्या शाळेमुळें, असें त्या आवर्जून सांगत. खेड्यांतल्या मास्तरांनीं हें ध्यानांत ठेवावें. पुढें कॉलेज शिकून त्या बालवाडीच्या शिक्षिका झाल्या, मग एका बालसंगोपन केंद्राच्या मुख्य झाल्या. १९६४ सालीं राज्याच्या विधिमंडळांत गेल्या आणि १९६८ सालीं अमेरिकेच्या लोकसभेवर निवडून आल्या. काळ्या वर्णाची बाई त्या सभेंत निवडून येण्याची ती पहिलीच वेळ.

तेथें त्यांचें स्वागत कसें झालें? शहरांतल्या दाट वस्तींतून आलेल्या ह्या बाईंना शेतकीच्या समितीवर नेमलें आणि जंगलांच्या कामाला लावलें! नव्या सभासदानें मुकाट्यानें बसावें अशी तेथली रीत. बाई भर सभेंत उठून तक्रार करत्या झाल्या आणि त्यांनीं समिति बदलून घेतली.

आतां १९७२ सालाकडे येऊं. ह्याच अमेरिकेंतल्या सज्जनांना, त्यांनीं गुलामांच्या मुक्ततेसाठीं केलेल्या त्यागाबद्दल, जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अर्पण केलें होतें. त्याला तेव्हां नव्याण्णव वर्षें होत आलीं होतीं. गुलामगिरी १८६५ सालींच कायद्यानें गेली होती. परंतु दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसाला मतदारयादींत नांव घालतांना वाचनाची परीक्षा द्यावी लागे, आणि परीक्षक गोरा! मी मास्तर आहें. परीक्षा पोराला पुढच्या वर्गांत घालण्यासाठीं असते. कायमचें बाहेर ठेवण्यासाठीं जी परीक्षा घेतात तिला लबाडी म्हणतात. ही लबाडी मोडणारा मोठा कायदा १९६५ सालीं झाला. म्हणजे कायदा होऊन सात वर्षें होतात न होतात तोंच एक काळी बाई उठते आणि म्हणते, मला अमेरिकेचें अध्यक्ष व्हावयाचें आहे! २५ जानेवारी १९७२ रोजीं ब्रुकलिनच्या एका चर्चमध्यें त्यांनीं हें जाहीर केलें. मी काळी आहें ह्याचा मला अभिमान आहे, पण मी केवळ काळ्यांची उमेदवार नव्हे. मी बाई आहें, पण केवळ बायकांची उमेदवार नव्हे. मी सर्व लोकांची उमेदवार आहें, असा त्यांच्या बोलण्याचा सारांश होता.

तेथली रीत थोडी समजून घ्यावी. तेथें अध्यक्षाची निवडणूक दोन टप्प्यांनीं होते. आधीं प्रत्येक मोठा पक्ष आपला एक उमेदवार ठरवितो. आपल्याकडे तिकीट वरून येतें. तेथें त्यासाठीं राज्याराज्यांत लोकांचीं मतें घेतात आणि शेवटीं पक्षाच्या अधिवेशनांत प्रतिनिधींचीं मतें मोजतात. मग नोव्हेंबरांत दोन पक्षांची खरी झुंज. चिझमबाई डेमोक्रॅटिक पक्षाच्या तिकिटासाठीं, म्हणजे पहिल्या टप्प्यांत, उभ्या होत्या.

त्यांना विरोध परक्यांनीं करावा ह्यांत नवल नाहीं. नवल हें कीं आपल्यांनींच पाठ फिरविली. काळ्या लोकांचे बहुतेक पुढारी पुरुष. त्यांचें म्हणणें, उभें राहावयाचें तर पुरुषानें राहावें, ही बाई मध्येंच कोठून आली? आणि शहाणपणाची गोष्ट म्हणजे जो जिंकेलसा दिसतो त्याच्याशीं आधींच सौदा करावा. स्त्रियांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या कांहीं नामांकित बायांनीं व्यासपीठावरून बाईंची तोंडभर स्तुति केली. पण मत मात्र जिंकण्याजोग्या पुरुषाला! काळी असण्यापेक्षां बाई असण्यानेंच मला अधिक अडविलें, असें चिझमबाई उगीच म्हणत नसत.

ह्यावर माझें मत स्पष्ट आहे. सौदा करणें हें पाप नव्हे. राजकारणांत देवघेव आहेच. परंतु जो स्वतः कधीं उभा राहिला नाहीं, ज्याचीं माणसें कधीं मोजलीं गेलीं नाहींत, त्याचा सौदा नेहमीं मातीमोल होतो. बाजारांत दाव्याला बांधलेल्या बैलाचा भाव मालक आणि दलाल उपरण्याखालीं बोटें धरून ठरवितात. बैलाला कोणी विचारीत नाहीं. आपलीं मतें आधीं आपल्या नांवावर मोजून घ्या, मग बोलणीं करा.

बाईंच्यापाशीं पैसा नव्हता. साऱ्या प्रचाराला सुमारे तीन लाख डॉलर मिळाले. एवढ्या मोठ्या देशांत तें म्हणजे दर्यांत खसखस. प्रचाराची बांधणीही ढिली होती. हा दोष मी झांकून ठेवीत नाहीं. टेलिव्हिजनवर मोठ्या उमेदवारांचा वादविवाद ठरला, त्यांत बाईंना घेतलें नाहीं. बाईंनीं रडगाणें गाइलें नाहीं, कायद्यानें दाद मागितली आणि अर्धा तास बोलण्याची वेळ मिळवून घेतली. ना विकलेली, ना कोणाच्या ताबेदारींतली, अशा अर्थाचें त्यांचें घोषवाक्य होतें, आणि तें त्यांना शोभलें.

त्या प्रचारांतली एक गोष्ट मला फार दिवस पचली नाहीं. त्याच तिकिटासाठीं आलाबामा राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस उभा होता. हा १९६३ सालीं काळ्या मुलांना अडविण्यासाठीं विद्यापीठाच्या दारांत जाऊन उभा राहिलेला गृहस्थ! १५ मे १९७२ रोजीं प्रचारसभेंत त्याला कोणी गोळ्या घातल्या; तो जन्माचा लुळा झाला. चिझमबाई इस्पितळांत त्याच्या समाचाराला गेल्या. त्यांचीं स्वतःचीं माणसें संतापलीं. मीं हें प्रथम वाचलें तेव्हां मलाही राग आला. ज्यानें आमच्या पोरांसमोर शाळेचें दार अडविलें त्याच्या उशाशीं बसावयाचें, हें कसलें मोठेपण? परंतु पुढची हकीगत ऐका. दोन वर्षांनीं, १९७४ सालीं, घरकाम करणाऱ्या मोलकरणींना किमान वेतन मिळावें म्हणून कायद्याचा प्रश्न आला. दक्षिणेच्या सभासदांचीं मतें हवीं होतीं, आणि तीं मिळविण्यास वॉलेसनें हातभार लावला, असें बाईंनींच पुढें सांगितलें. ज्या बाईंची आई लोकांच्या घरीं राबली त्यांनीं हें करून घेतलें. माझा राग अजून सगळा गेला आहे असें म्हणत नाहीं. पण बाई वॉलेसच्या मताला शरण गेल्या नव्हत्या, माणसाला भेटावयास गेल्या होत्या. हा फरक मला आतां कळतो.

जुलैंत मायामी बीच येथें पक्षाचें अधिवेशन भरलें. मतें मोजलीं. जिंकले जॉर्ज मॅकगव्हर्न. चिझमबाईंना प्रतिनिधींचीं १५२ मतें मिळालीं, आणि राज्याराज्यांतून लोकांचीं चार लाखांहून अधिक. झाली कीं नाहीं मतें फुकट?

आतां 'जिंकणाऱ्याला मत द्या' म्हणणाऱ्यांचा हिशेब तपासूं. जिंकण्याजोगे म्हणून ज्यांच्यामागें सगळे धांवले त्या मॅकगव्हर्नांना नोव्हेंबरांत पन्नासांपैकीं एकच राज्य मिळालें, आणि जोडीला राजधानीचा जिल्हा. रिचर्ड निक्सन एकोणपन्नास राज्यें जिंकले. एवढी मोठी जीत! आणि वॉटरगेट प्रकरणांत सांपडून ऑगस्ट १९७४ मध्यें त्याच निक्सनना राजीनामा देऊन घरीं जावें लागलें. जिंकणाऱ्याला दिलेलें मत नेहमीं सार्थकीं लागतें, असें ह्यापुढें मला कोणी सांगूं नये.

आणि चिझमबाईंचीं मतें कोठें गेलीं? एकच उदाहरण देतों. कॅलिफोर्नियांतल्या एका कॉलेजांत बार्बरा ली नांवाची, दोन लेकरांची एकटी आई शिकत होती. राजकारणाचा तिला वीट आला होता; मतदारयादींत नांवसुद्धां घातलें नव्हतें. चिझमबाई व्याख्यानाला गेल्या, तेव्हां ही त्यांना भेटली. बाईंनीं मास्तरीण विचारते तसेंच विचारलें, आधीं यादींत नांव घातलेंस काय? मुलीनें नांव घातलें, प्रचारांत राबली. तीच १९९८ सालीं लोकसभेवर निवडून आली. १४ सप्टेंबर २००१ रोजीं, न्यू यॉर्कवरील हल्ल्यानंतर तीन दिवसांनीं, अध्यक्षाला युद्धाचा मोकळा अधिकार देण्याचा ठराव आला. बाजूनें ४२०, विरुद्ध एक. तें एक मत बार्बरा लीचें. तेव्हां तिला शिव्याशाप मिळाले, धमक्या आल्या. आणि वीस वर्षें अफगाणिस्तानांत लढून अमेरिकेचें सैन्य २०२१ सालीं परतलें तेव्हां तें एक मत पुष्कळांना आठवलें.

पुढें १९८४ व १९८८ सालीं जेसी जॅक्सन उभे राहिले, तेव्हां काळ्या माणसाचें उभें राहणें ही थट्टेची गोष्ट उरली नव्हती. २००८ सालीं बराक ओबामा निवडून आले. २०२० सालीं कमला हॅरिस, जिची आई भारतांतून तेथें गेलेली, उपाध्यक्षपदीं निवडून आली. २०२४ सालीं अध्यक्षपदासाठीं ती पडली. म्हणजे बाईला तें दार अजून उघडलेलें नाहीं. चिझमबाई १ जानेवारी २००५ रोजीं वारल्या. त्यांना ओबामांची जीत पाहावयास मिळाली नाहीं. आंब्याची कोय लावणारा फळ खाईलच असें नाहीं.

कोणी म्हणेल, गुरुजी, अशानें मतें फुटतात आणि नको तो माणूस येतो. आक्षेप खरा आहे, मी तो टाळीत नाहीं. शेवटच्या झुंजींत, जेथें घर जळण्याची वेळ आहे, तेथें विचार करूनच मत द्यावें. परंतु चिझमबाई पक्षाबाहेर बंड करून उभ्या राहिल्या नाहींत. आपल्याच घरांत, उमेदवार ठरण्याच्या वेळीं, उभ्या राहिल्या. आपलें मात्र उलटें. घरांत ठरतें तेव्हां आपण गप्प, आणि बाहेर ठरल्यावर कुरकुर. ज्यानें तिकीट ठरतांना तोंड उघडलें नाहीं त्याला मतें फुटण्याची भीति घालण्याचा काय हक्क?

आतां आमच्या सातवींतल्या मुलीचें सांगून संपवितों. तिनें प्रचाराच्या भाषणांत एकच गोष्ट मागितली होती. मुलींच्या संडासाच्या दाराला आंतून कडी नव्हती. एक मुलगी आंत गेली कीं दुसरीनें बाहेर दार धरून उभें राहावें, असें किती दिवस चाललें होतें कोण जाणे. आम्हां मास्तरांना त्याची खबर नव्हती; विचारलेंच नव्हतें. ती पडली. पण निवडून आलेल्या मुलानें पहिल्याच सभेंत तीच मागणी पुढें ठेवली, कारण साऱ्या शाळेनें ती ऐकली होती. त्या आठवड्यांत कडी बसली.

म्हणून ज्या पोरानें प्रश्न विचारला होता त्याला मीं आतां उत्तर दिलें आहे. बाबा रे, ती नऊ मतें कोठें गेलीं तें पाहावयाचें असेल तर आपल्या बहिणीला विचार.