‘बॅटल ऑफ ब्रिटन’ : एक युद्धपट, दोन संगीतकार

‘बॅटल ऑफ ब्रिटन’ हा गाय हॅमिल्टन दिग्दर्शित युद्धपट १९६९ साली प्रदर्शित झाला. विषय होता १९४० मधल्या हवाई लढाईचा. फ्रान्स पडल्यानंतर जर्मन हवाई दल इंग्लंडवर चालून आले आणि ब्रिटिश हवाई दलाने ते परतवले. या एकाच चित्रपटासाठी दोन वेगवेगळ्या संगीतकारांनी वाद्यवृंदाचे पार्श्वसंगीत लिहिले आणि पडद्यावर शेवटी दोघांचेही संगीत, फारच विषम प्रमाणात, उरले.

पहिली निवड सर विल्यम वॉल्टन यांची होती, आणि ती साहजिकच म्हणावी लागेल. स्पिटफायर विमानाचे रचनाकार आर. जे. मिचेल यांच्यावरच्या १९४२ च्या ‘द फर्स्ट ऑफ द फ्यू’ या चित्रपटाचे संगीत त्यांचेच होते; त्यातले ‘स्पिटफायर प्रील्यूड अँड फ्यूग’ मैफलींतही रुजले होते. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या ‘हेन्री द फिफ्थ’पासून शेक्सपिअरच्या चित्रपटांशीही त्यांचे नाव जोडले गेले होते. आता साठी उलटलेले वॉल्टन इटलीतल्या इस्किया बेटावर राहत होते. वाद्यमेळाच्या कामात आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी संचालनाला त्यांचे मित्र माल्कम अर्नोल्ड यांची मदत झाली. जर्मनांसाठी वॉल्टन यांनी वाग्नरच्या ‘सीगफ्रीड’मधली शिंगाची हाक घेतली आणि तिची थोडी थट्टा केली. शत्रूला त्याच्याच दैवताच्या सुरात चिडवण्याचा हा खोडकरपणा खास वॉल्टन यांचा.

ध्वनिमुद्रण पार पडले आणि युनायटेड आर्टिस्ट्सने ते संगीत नाकारले. त्याचे जे कारण सांगितले जाते ते कलेपेक्षा व्यापाराचे आहे : एलपीच्या दोन्ही बाजू भरतील इतके ते नव्हते. मग काम गेले रॉन गुडविन यांच्याकडे. ‘६३३ स्क्वॉड्रन’ आणि ‘व्हेअर ईगल्स डेअर’ यांमुळे युद्धपटाचे संगीत म्हटले की गुडविन यांचेच नाव पुढे येई.

गुडविन यांची पद्धत सरळ आहे : प्रत्येक बाजूला तिची धून. जर्मन हवाई तळाच्या पाहणीवर श्रेयनामावली धावते तेव्हा पितळी वाद्यांची ठसकेबाज, डौलदार कवायती धून वाजते. ती ऐकताना विमानांच्या रांगा संपूच नयेत असे वाटते, आणि पाहणाऱ्याला शत्रूचा रुबाब क्षणभर आवडून जातो. शत्रू बावळट दिसला तर त्याला हरवण्यात मोठेपणा कसला? ‘एसेस हाय’ या नावाने हीच धून पुढे ब्रिटिश लष्करी बँडांनीही आपलीशी केली. ब्रिटिशांच्या वाट्याला उंच चढत जाणारी, उमेदीची चाल आली आहे. कोण कोणाच्या बाजूचा हे कानाला चटकन कळते.

एका प्रसंगात मात्र ही पद्धत चालली नसती. १५ सप्टेंबर १९४० ची निर्णायक झुंज सुरू होते आणि इंजिनांची घरघर, मशीनगनचा खडखडाट हळूहळू विरून जातो. पुढची काही मिनिटे पडद्यावर विमाने गिरक्या घेतात, धूर सोडत कोसळतात. ऐकू येते ते फक्त संगीत. हा ‘बॅटल इन द एअर’ नावाचा तुकडा वॉल्टन यांचा आहे. त्यात गुणगुणता येईल अशी चाल जवळजवळ नाही. तंतुवाद्यांच्या वेगवान ओळी थांबत नाहीत, पितळी वाद्ये मध्येच तोडून टाकल्यासारखी घुसतात आणि एखादा सूर धरावा तोवर तो निसटलेला असतो. आपले विमान कोणते, परके कोणते, हे त्या गोंधळात ओळखू येत नाही. संगीतही ते सांगायच्या फंदात पडत नाही. वैमानिकाच्या नजरेला जेवढे सापडते तेवढेच ते देते. आवाज बंद करण्याचा निर्णय धाडसी होता, आणि तो पेलला या रचनेमुळेच. तिथे धून वाजली असती तर झुंजीचे संचलन झाले असते.

हा तुकडा वाचला तो ऑलिव्हिए यांच्यामुळे. चित्रपटात ते एअर चीफ मार्शल डाउडिंग यांच्या भूमिकेत होते. वॉल्टन यांचे संगीत पुरते काढले तर आपले नाव श्रेयनामावलीतून वगळावे, असे त्यांनी बजावले. निर्मात्यांनी तडजोड केली. दोघांच्या संगीतामधला सांधा लक्ष देऊन ऐकणाऱ्याला जाणवतो, पण खटकत नाही, कारण आवाज गेल्यामुळे तो प्रसंगच बाकी चित्रपटाहून वेगळा पडलेला असतो.

वॉल्टन यांच्या मनाला हा नकार लागला. १९७२ साली त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी प्रयत्न करून हस्तलिखित त्यांना परत मिळवून दिले. स्वतः हीथ ऑर्गन वाजवीत आणि वाद्यवृंदाचे संचालनही करीत, त्यामुळे त्या कागदांचे मोल त्यांना वेगळे सांगावे लागले नसणार. पुढे मूळ ध्वनिफितीही सापडल्या आणि डीव्हीडीच्या एका आवृत्तीत वॉल्टन यांच्या संगीतासह चित्रपट पाहण्याची सोय झाली. ते संगीत मुळात थोडके असल्याने त्या आवृत्तीत बरेच प्रसंग संगीताविना जातात. गुडविन यांनी जिथे चाल भरली होती, तिथे विमानांचा आणि माणसांचा आवाज तेवढा राहतो.