दुधाच्या कॅनभोवती काढलेली गाडी

आज गाडीवर बोलू. पण ही गाडी तुम्हाला कुठल्याच शोरूममध्ये मिळणार नाही, कारण ती फक्त एका लॅपटॉपमध्ये आहे. फायनल इयरला आम्ही चौघांनी तिचं डिझाइन केलं, थ्रीडी मॉडेल बनवलं. आता मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण बी.टेक. मेकॅनिकलचं, नगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून. नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. तोंडात नगरच बसलंय, सांभाळून घ्या.

आधी कॉन्सेप्ट कार म्हणजे काय? विकण्यासाठी नाही, तर एखादी कल्पना दाखवण्यासाठी केलेली गाडी. जगातली पहिली म्हणून जिचं नाव घेतात ती ब्यूक वाय-जॉब, 1938 सालची. जनरल मोटर्सच्या हार्ली अर्लने ती करून घेतली आणि स्वतः वापरलीही. आज कॉन्सेप्ट कार म्हटलं की ऑटो एक्स्पोतलं फिरतं स्टेज आठवतं, वर उघडणारे दरवाजे आठवतात. आमच्यातल्या एकालाही तसंच हवं होतं. मागे उतरती काच, मोठ्ठे अलॉय.

तेव्हा टीममधल्या मैत्रिणीने विचारलं, "पण ही गाडी घेणार कोण?"

आम्ही तिघं गप्प. तिच्याकडे मात्र उत्तर तयार होतं. तिच्या घरी गाई. पहाटे धारा काढायच्या, दूध कॅनमध्ये ओतायचं आणि संकलन केंद्रावर नेऊन घालायचं. वडील वर्षानुवर्षं बाईकच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवून नेत होते. पाठीचं दुखणं सुरू झालं आणि ते काम आईवर आलं. आईला बाईक येत नाही. मग शेजारच्यांच्या पिकअपची वाट बघत बसायचं. उन्हाळ्यात उशीर झाला तर दूध नासायची भीती, आणि नासलेलं दूध कोणी घेत नाही. घर त्या दुधावर चालतं. 40 लिटरचा भरलेला कॅन म्हणजे एकटं दूधच 41 किलोच्या वर. कॅनचं वजन धरलं तर पन्नासच्या आसपास.

झालं, आमची गाडी तिथेच ठरली. दोन माणसं, चार कॅन.

आधी माणसाला विचारा, मग पेन्सिल उचला, हे काही आमचं संशोधन नाही. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, 2005 साली आला. त्याआधी गिरीश वाघ यांच्या टीमने तीनचाकी चालवणाऱ्यांना गाठून बोलतं केलं होतं. दारात चारचाकी असली की लग्न जमायला बरं पडतं, असंही कोणीतरी सांगितलं म्हणे! ड्रॉइंगच्या कागदावर हे कुठून दिसणार?

आता कामाचं बोलू. गाडीच्या डिझाइनमध्ये सगळ्यात आधी येतं पॅकेजिंग. म्हणजे माणसं, सामान, बॅटरी, चाकं कुठे बसणार ते ठरवणं. सुरुवात होते एच-पॉइंटपासून. बसलेल्या माणसाचा कमरेचा सांधा जिथे येतो तो बिंदू. तो ठरला की डोळ्यांची उंची ठरते, त्यावरून काच, स्टिअरिंग, छत. बाहेरचा आकार त्यानंतर.

आमच्याकडे आणखी एक बिंदू होता. मागच्या फ्लोअरची उंची. मैत्रिणीच्या आईला विचारलं, कॅन किती वर उचलता येतो? त्या म्हणाल्या, "गुडघ्याच्या वर नको गं बाई." टेप धरली, 45 सेंटीमीटर. हा आकडा आम्ही भिंतीवर चिकटवला.

मग भांडणं सुरू. फ्लोअर खाली ठेवायचा तर त्याखाली बॅटरी मावत नाही, म्हणून बॅटरी सीटखाली गेली. चार कॅन म्हणजे दोनशे किलो. ते मागच्या एक्सलच्या मागे ठेवले तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग धरत नाही. म्हणून मागची चाकं जितकी मागे नेता येतील तितकी नेली. खड्ड्यांना मोठं चाक बरं, पण मोठं चाक कॅनची जागा खातं. नॅनोला 12 इंची चाकं होती, आम्ही 13 वर थांबलो. नॅनोची लांबी साधारण 3.1 मीटर, त्याच्या पुढे जायचं नाही हेही ठरवलं होतं. गल्लीत वळली पाहिजे ना!

या सगळ्यात ती उतरती काच गेली. कॅन आत सरकवायचा तर पाठ उभीच लागते. मित्र दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच मागचे दिवे छतापर्यंत उंच ओढून आणले. ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडे अंधारात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. तिथे पहाटे सगळ्यांत आधी दिसायला पाहिजे आपली गाडी. ते दिवेच पुढे तिची ओळख झाले.

मॉडेल आम्ही ब्लेंडरमध्ये केलं. फुकट आहे, आणि 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर रडतखडत का होईना, चालतं. बाजूचं आणि समोरचं चित्र मागे लावायचं, अर्धीच गाडी काढायची, उरलेली अर्धी मिरर करून येते. पत्रा नितळ आहे का हे तपासायला झेब्रा पट्टे वापरतात. काळे-पांढरे पट्टे बॉडीवर पाडायचे. पट्टा जिथे तुटला तिथे दोन तुकडे नीट जुळलेले नाहीत. आणि गंमत बघा. या वक्रांमागचं गणित 1960च्या आसपास गाड्यांसाठीच तयार झालं. रेनोमध्ये पिएर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्टेलजो, दोघांनी वेगवेगळं काम केलं. आत्ता तुमच्या फोनवर ही जी अक्षरं दिसतायत ना, त्यांच्या गोलाईतही तेच वक्र आहेत.

परीक्षेच्या दिवशी बाकीच्या टीमनी गो-कार्ट आणल्या होत्या, आवाज करत. आमच्या टेबलावर एक लॅपटॉप. बाहेरून आलेले सर म्हणाले, "चित्रं छान आहेत. गाडी चालते का?"

मैत्रीण म्हणाली, "नाही, सर." आणि तिने मॉडेलमध्ये आईच्या उंचीचा पुतळा उभा केला. फ्लोअर 45 वर, मग 70 वर. 70 ला हात कुठवर उचलावे लागतात, कॅन पोटापासून किती लांब जातो, सगळं स्क्रीनवर. "सर, हे पत्रा कापायच्या आधी कळलं," ती म्हणाली.

सर थोडा वेळ बघत राहिले. मग विचारलं, "आणि दूध सांडलं तर?"

"फ्लोअरला उतार दिलाय सर, आणि कोपऱ्यात भोक." सर हसले. पुढची वीस मिनिटं आमच्याच टेबलापाशी होते.

मित्रांनो, आपल्याकडच्या पोरांना वाटतं, गाडीचं डिझाइन म्हणजे इटलीचं काम, फार तर पुण्याचं. अरे, कायनेटिकचा कारखाना नगरचा. त्यांची लुना आली 1972 साली, आणि इलेक्ट्रिक होऊन 2024 मध्ये परत आली. लष्कराच्या गाड्यांवर काम करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही प्रयोगशाळाही नगरलाच आहे. आपल्याला परकं काय आहे यात?

सुरुवात फोनवरून करा. घरातल्या गाडीचा बाजूने फोटो काढा, पण लांब उभं राहून झूम करून. जवळून काढला तर मापं वेडीवाकडी येतात. मग टेप घ्या आणि ती वापरणाऱ्या माणसाला मोजा. उंची, हात कुठे पोचतो, काय उचलतो.

आमची गाडी कधी बनली नाही. मैत्रिणीच्या घरी मागच्या वर्षी तीनचाकी इलेक्ट्रिक लोडर आला, कंपनीचा. घ्यायला गेल्यावर तिच्या आईने रंग बघितला नाही, रेंज विचारली नाही. आधी मागचा फ्लोअर मोजायला लावला. उंच निघाला. मग गावातल्या वेल्डरकडून खाली उघडणारी लोखंडी पायरी करून घेतली.

पायरीची उंची त्यांनी स्वतःच सांगितली. चला, भेटू पुढच्या भागात!