राखीव गडी

तिसरी घंटा व्हावी, पडदा वर जाण्याच्या बेतांत असावा, आणि नायकाचें काम करणाऱ्या नटाचा घसा एकाएकीं बसावा. मग आजवर भालदार-चोपदारांत उभ्या राहणाऱ्या कोणा तरुणाच्या डोक्यावर घाईघाईनें राजाचा मंदील चढवावा आणि त्यानें ती रात्र निभावून न्यावी, अशा हकीकती नाटकमंडळ्यांच्या आठवणींत पुष्कळ ऐकूं येतात. ऐकणाराला त्या गोड वाटतात, कारण त्यांत चमत्काराचा भास असतो. परंतु ज्यानें तें काम निभावलें त्याच्या बाजूनें पाहिलें, तर चमत्कार हा शब्द थोडा अन्यायाचाच आहे. चमत्काराला पूर्वतयारी लागत नाहीं. या माणसानें मात्र ती कोणाच्या नजरेस न पडतां वर्षानुवर्षें केलेली असते. हा फरक स्पष्ट करून दाखविणारा एक प्रसंग अमेरिकेच्या क्रीडाक्षेत्रांत २०१८ सालच्या डिसेंबर महिन्यांत घडला.

अमेरिकन फुटबॉल हा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून अगदीं निराळा आहे. त्याचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो, आणि तो मुख्यतः हातांत धरून न्यावयाचा किंवा फेंकावयाचा असतो. प्रत्येक बाजूचे अकरा गडी मैदानांत उतरतात. ज्या बाजूकडे चेंडू असेल तिनें चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें. तितकें साधलें कीं आणखी चार प्रयत्न मिळतात, न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. ज्या गड्याच्या हातीं चेंडू देऊन त्याला प्रतिपक्षाच्या फळींतून धांवावयास लावतात, त्याला ‘रनिंग बॅक’ म्हणतात. हुतुतूंत चढाई करणाराला जसें समोरचें सारें अंगण अंगावर घ्यावें लागतें, तसेंच याचें असतें. मात्र येथें त्याला धरणारे गडी शंभर शंभर किलो वजनाचे, आणि एकाच सामन्यांत हा प्रसंग त्याच्यावर वीस-वीस वेळां यावयाचा. साहजिकच या जागेवरील गड्याचें शरीर फार लवकर झिजतें, आणि म्हणूनच त्याच्या पाठीमागें राखीव गडी असावा लागतो.

लॉस अँजेलिस शहराच्या रॅम्स संघांत ही जागा टॉड गर्ली याची होती. २०१७ सालीं चढाईच्या बाजूचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला होता. २०१८ च्या जुलैमध्यें संघानें त्याच्याशीं चार वर्षांचा नवा करार केला, आणि त्यांत साडेचार कोटी डॉलरांची हमी दिली. त्या मोसमांत चौदा सामन्यांत तो चेंडू घेऊन १,२५१ यार्ड धांवला. आणि धांवून वा झेलून एकवीस वेळां त्यानें चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. एवढी मजल त्या वर्षीं दुसऱ्या कोणालाहि मारतां आली नाहीं. परंतु त्याच्या डाव्या गुडघ्याला एक पूर्वेतिहास होता. विद्यापीठांत असतांना, २०१४ सालीं, त्या गुडघ्यांतील अस्थिबंध तुटला होता. १६ डिसेंबर २०१८ रोजीं फिलाडेल्फियाच्या संघाशीं झालेल्या सामन्यांत तोच गुडघा पुन्हा दुखावला. गर्लीच्या पाठीमागचा पहिला राखीव गडी माल्कम ब्राउन हा खांद्यापाशीं दुखापत होऊन आधींच बाहेर बसला होता.

ही वेळ किती नाजूक होती हें समजण्यास थोडा हिशेब पाहिला पाहिजे. साखळींतील सोळांपैकीं दोनच सामने उरले होते. रॅम्सनें अकरा जिंकले होते, पण शेवटचे दोन लागोपाठ गमावले होते, आणि त्यांतला एक शिकागोच्या बेअर्स संघाशीं झालेला होता. तेव्हांच्या नियमाप्रमाणें प्रत्येक शाखेंतील पहिल्या दोन संघांना बाद सामन्यांची पहिली फेरी खेळावी लागत नसे. त्यांना एक आठवडा विश्रांति मिळे आणि पुढचा सामना घरच्या मैदानावर होई. शिकागोनें आपले उरलेले दोन्ही सामने जिंकले. रॅम्सनें दोहोंपैकीं एकहि घालविला असता, तर दोघांचे विजय सारखे झाले असते, आणि परस्परांतला सामना शिकागोनें जिंकलेला असल्यामुळें विश्रांतीचा तो मान रॅम्सच्या हातून निसटला असता.

अशा पेंचांत १८ डिसेंबर रोजीं रॅम्सनें सी. जे. अँडरसन याला बोलावून घेतलें. त्याचें वय सत्तावीस, उंची पांच फूट आठ इंच आणि बांधा आडवा व जड. धांवणाऱ्याची जी मूर्ति आपल्या डोळ्यांपुढें असते तिच्याशीं त्याचें साम्य फारसें नव्हतें. अमेरिकेंत विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड व्यावसायिक संघ दरवर्षीं क्रमानें करतात. २०१३ च्या निवडींत अँडरसनचें नांव कोणत्याहि संघानें घेतलें नाहीं. तरीहि डेनव्हरच्या संघांत त्यानें शिरकाव करून घेतला. २०१६ च्या फेब्रुवारींत त्या संघानें अंतिम सामना जिंकला, त्यांत नव्वद यार्डांची धांव अँडरसनची होती. २०१७ च्या मोसमांत तर त्यानें हजार यार्डांची मर्यादा ओलांडली. आणि पुढच्याच एप्रिलमध्यें डेनव्हरनें त्याला निरोप दिला. मग कॅरोलिनाच्या संघानें घेतलें व नोव्हेंबरांत सोडलें. डिसेंबरच्या आरंभीं ऑकलंडच्या संघानें घेतलें आणि आठवड्याभरांत सोडलें. एका वर्षांत तीन दारें त्याच्यापुढें बंद झालीं होतीं, आणि चौथें उघडलें तें दुसऱ्याच्या दुखण्यामुळें.

संघांत दाखल झाल्यावर पांचव्या दिवशीं, २३ डिसेंबरला, तो ॲरिझोनाविरुद्ध मैदानांत उतरला. वीस वेळां त्याच्या हातीं चेंडू आला आणि तो १६७ यार्ड धांवला. रॅम्सनें तो सामना ३१–९ असा जिंकला. ३० डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध तेवीस वेळांत त्यानें १३२ यार्ड काढले. तोहि सामना ४८–३२ असा रॅम्सच्या पदरीं पडला. दोन सामने, त्रेचाळीस धांवा, २९९ यार्ड. म्हणजे दर खेपेस जवळजवळ सात यार्ड. प्रत्येक प्रयत्नांत अडीच यार्ड मिळाले तरी ज्या खेळांत चेंडू हातचा जात नाहीं, तेथें सात यार्ड म्हणजे केवढी मिळकत, हें सांगावयास नको.

हें कसें घडलें? याचें पहिलें उत्तर त्याच्या पुढें उभ्या असलेल्या पांच धिप्पाड गड्यांत आहे. व्हिटवर्थ, सॅफोल्ड, सलिव्हन, ब्लाइथ आणि हॅवनस्टीन हे पांचहि जण त्या मोसमाच्या सोळाच्या सोळा सामन्यांत आपापल्या जागीं उभे होते. प्रतिपक्षाला रेटून वाट मोकळी करणें एवढेंच त्यांचें काम. चेंडू त्यांच्या हातीं येत नाहीं, आणि टाळ्याहि त्यांच्या वांट्यास क्वचित् येतात. दुसरें उत्तर खेळण्याच्या रीतींत आहे. रॅम्सचा तरुण प्रशिक्षक शॉन मॅक्व्हे याची आवडती चढाई अशी असे, कीं पुढच्या पांच जणांनीं एका भिंतीसारखें आडवें सरकावें, धांवणारानें त्यांच्या मागून तिरपें धांवत फट शोधावी, आणि ती दिसतांच एक पाय रोवून सरळ आंत घुसावें. डेनव्हरला गॅरी क्यूबियॅक याच्या हाताखालीं अँडरसन बहुतांशीं हेंच शिकला होता. रॅम्सची लिपि त्याला नवी नव्हती. वळण तेवढें निराळें होतें. ज्याला आपण पांच दिवसांची तयारी समजतों, तिच्यामागें पांच वर्षांचा अभ्यास होता.

परंतु या दोन विजयांचें खरें मोल यार्डांत मोजतां येत नाहीं. त्यांमुळें रॅम्सला विश्रांतीचा आठवडा मिळाला, आणि गर्लीच्या गुडघ्याला एकूण जवळजवळ चार आठवडे मिळाले. राखीव गड्यानें मुख्य गड्याला दिलेली ही वेळेची देणगी होती. १२ जानेवारी २०१९ रोजीं घरच्या मैदानावर डॅलसशीं गांठ पडली, तेव्हां गर्ली परत आलेला होता. मॅक्व्हेनें दोघांनाहि खेळविलें. अँडरसन १२३ यार्ड धांवला, गर्ली ११५ यार्ड. संघाची एकूण धांव २७३ यार्ड झाली आणि सामना ३०–२२ असा जिंकला गेला. तेरा मोसम खेळलेल्या, सदतीस वर्षांच्या व्हिटवर्थला बाद फेरींतला आपला पहिला विजय त्या दिवशीं पाहावयास मिळाला.

येथें गोष्ट थांबली असती तर ती परीकथा झाली असती. पुढें न्यू ऑर्लिन्स येथें रॅम्सनें जादा वेळांत २६–२३ असा विजय मिळविला खरा. पण त्या सामन्यांत गर्ली अवघ्या चार वेळां धांवला, आणि सोळा वेळां धांवूनहि अँडरसनला ४४ यार्डांपलीकडे जातां आलें नाहीं. ३ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यांत न्यू इंग्लंडनें रॅम्सला १३–३ असें हरविलें. त्या दिवशीं दोघांचे मिळून ५७ यार्ड झाले. आधींच्या सामन्यांत उघडणाऱ्या वाटा प्रतिपक्षानें बुजवून टाकल्या होत्या. आणि वाटच नसली म्हणजे मुख्य गडी काय आणि राखीव काय, दोघांचीहि गति सारखीच खुंटते.

त्यानंतर अँडरसन डेट्रॉइटच्या संघांत गेला. २०१९ च्या सप्टेंबरांत, मोसमाचे दोनच सामने झाले असतां, त्यालाहि त्या संघानें मोकळें केलें, आणि पुढें तो व्यावसायिक खेळांत दिसला नाहीं. इकडे गर्लीचा गुडघा पूर्ववत् झाला नाहीं. ज्या संघानें त्याला साडेचार कोटींची हमी दिली होती, त्याच संघानें २०२० च्या मार्चमध्यें त्याला सोडून दिलें. अटलांटाकडून आणखी एक मोसम खेळून तोहि थांबला. तेव्हां त्याचें वय सव्वीस होतें. डॅलसशीं झालेल्या सामन्यांत ज्या दोघांनीं मिळून २३८ यार्ड काढले, त्यांतला एकहि सव्वा वर्षानंतर त्या संघांत उरला नव्हता. एकाला कोट्यवधि डॉलर मिळाले होते आणि दुसऱ्याला आयत्या वेळीं बोलावणें आलें होतें. पण या खेळानें दोघांच्याहि शरीराचा हिशेब सारख्याच कठोरपणें केला.

मग राखीव गड्यानें मिळविलें तें काय? त्याला जागा कायमची मिळाली नाहीं, आणि तशी ती मिळेल असें त्याला कोणी सांगितलेंहि नव्हतें. पण नोव्हेंबर आणि डिसेंबर महिन्यांत दोन संघांनीं नको म्हटलें असतां त्यानें आपली विद्या गंजूं दिली नाहीं; बोलावणें येईल असें कोणतेंहि चिन्ह नसतां तो बोलावण्याच्या योग्यतेचा राहिला. घरांत, कचेरींत, शाळेंत अशीं माणसें आपल्याहि आसपास असतात. कोणी आजारी पडलें, कोणी रजेवर गेलें, म्हणजे त्यांची आठवण होते, आणि अडचण सरली कीं विसर पडतो. त्यांनीं काम निभावलें म्हणजे आपण दैवाला धन्यवाद देऊन मोकळे होतों. त्या धन्यवादांतला निदान अर्धा वांटा त्या माणसाच्या पदरांत घालावा, आणि तो काम संपण्यापूर्वींच घालावा, एवढें या हकीकतीवरून शिकण्यासारखें आहे.